वडील पुढे गेले

चूक एका शब्दाची होती, आणि तो शब्द आईने उच्चारलेलाच नव्हता. लेकीने आवाज थांबवला, मागे नेला, पुन्हा ऐकला. कचेरीत जेवणाची सुट्टी चालू होती, समोर सातवीच्या भूगोलाची तपासायची मुद्रिते पसरली होती आणि कानात आई बोलत होती. जाऊन सहा वर्षे झालेली आई, स्वयंपाकघरातून हाक मारावी इतक्या जवळून. "वडील आले," आई म्हणत होती. "माझ्यासमोर उभे राहिले. आणि पुढे गेले." त्या आवाजाच्या खाली, संगणकाच्या पडद्यावर, मंडळीच्या इतिहास-संग्रहाने साऱ्या जगाला वाचायला लिहून ठेवले होते: 'या मुलाखतीत बाई सांगतात की त्यांच्या वडिलांनी त्यांना प्रभुभोजनाचा बिल्ला नाकारला.' त्यांच्या. ती तीस वर्षे मुद्रितशोधक होती, दुसऱ्यांच्या चुकांवर तिचे पोट भरत होते, कचेरीत पाठीमागे तिला 'लाल पेन' म्हणत आणि ते तिला ठाऊक होते. काना-मात्रेच्या चुका तिला हसवत. पण कोणीतरी सद्भावनेने, अर्थ सोपा व्हावा म्हणून मध्ये एक शब्द सरकवून द्यावा आणि त्यापायी एका निरपराध माणसाच्या गळ्यात दुसऱ्याचे पाप अडकावे, असली चूक तिला सहन होत नसे. तिने जेवणाचा डबा न उघडताच परत पिशवीत टाकला.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायचे तर सुरुवात कुठून करणार. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो. मंडळीचा कारभार निवडलेले पुरुष पाहतात आणि त्यांना वडील म्हणतात. त्यांच्या मंडळीत असे बारा होते. लहानपणी तिची पक्की समजूत होती की आपल्याला बारा वडील आहेत आणि त्यातले एक आपल्या घरी राहायला आहेत. शाळेत बाईंनी विचारले, वडील काय करतात, तेव्हा तिने सांगितले होते, बिल्ले वाटतात. वर्ग हसला. बाबा खरे तर सरकारी नोकर होते, दुकानादुकानांतून वजने-मापे तपासणारे निरीक्षक. पण तिचे उत्तर चुकीचे नव्हते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे देवळात मेजाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात प्रत्येक वडील आपल्या वाट्याच्या गल्लीत घरोघर जात, प्रश्न विचारत, आणि ज्याचे उत्तर समाधानकारक असेल त्याच्या तळहातावर शिशाचा छोटा बिल्ला ठेवत. त्यावर आकडा असे. रविवारी ज्याच्याकडे बिल्ला, तो मेजाशी बसायचा. ज्याच्याकडे नाही, त्याने बाकावर बसून इतरांना खाता-पिताना पाहायचे. बाबांच्या वाट्याला आलेल्या गल्लीत त्यांचे स्वतःचे घरही होते. म्हणून ते गल्लीतली बाकी सगळी घरे आटोपून यायचे आणि स्वतःच्या घराचे दार बाहेरून ठोठावायचे. दार उघडेच असले तरी. आई पदराला हात पुसत यायची, आणि वर्षभर जिला 'अगं' म्हटले तिला ते त्या दिवशी अहोजाहो करायचे. आधी एकदा खोकायचे. मग म्हणायचे, "तुमचं कोणाशी वैर आहे का?"

"नाही," असे आई पूर्वी म्हणायची. त्या वर्षी ती म्हणाली, "आहे."

"कोणाशी?"

"विचारणाऱ्याशी."

ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि दाराआड उभी होती. तिला वाटले होते आता काहीतरी फुटेल. काहीच फुटले नाही. बाबांनी मुठीतली पिशवी बंद केली, उंबऱ्यावरूनच वळले, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथून परत येऊन घरच्या माणसासारखे आत शिरले. चहा मागितला. आईने दिला.

कारण ताई होती, तिची थोरली बहीण. ताईला दिवस गेले होते, लग्न झाले नव्हते, आणि त्या माणसाचे नाव ती सांगत नव्हती. वडीलमंडळाने तिला बोलावले. आत बारा जण, बाहेर बाकावर ताई आणि आई, आणि दार लागत नसल्यामुळे बोटभर उघडे. तिला मंडळीतून काढावे की नाही यावर हात वर करायचे होते. बाराही हात वर झाले. बाबांचा हात पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. मधलाच कुठेतरी, सगळ्यांबरोबर. आईच्या मनात हेच कायमचे रुतले. ती पुढे एकदाच त्याबद्दल बोलली, तांदूळ निवडताना, आणि तेही तांदळाकडे बघत: "पहिला केला असता तर म्हटलं असतं कठोर आहे. शेवटचा केला असता तर म्हटलं असतं नाइलाज झाला. हा बाजूच्याकडे बघून वर केलेला हात." ताई त्याच आठवड्यात घर सोडून गेली आणि पुन्हा कधी आली नाही. आणि आईने त्या दिवसापासून बाबांना 'अहो' म्हणणे बंद केले. ती त्यांना 'वडील' म्हणू लागली. वडील आले, ताटं घ्या. वडिलांचा सदरा वाळला का बघ. वडिलांना सांग, पाणी तापलंय. शेजारच्या बायकांना वाटायचे, काय ही नवऱ्याचा मान राखते. मान कसला. नवरा होता तो त्या बोटभर फटीपलीकडे वारला होता, आणि त्याच्या जागी मंडळीचा एक पदाधिकारी घरात जेवायला-झोपायला होता.

एवढे सगळे त्या एका शब्दात होते. आणि संग्रहाने त्याच्याआधी 'त्यांच्या' लावून तो आजोबांच्या माथी मारला होता. आईच्या बापाच्या. आजोबा घड्याळजी होते, डोळ्याला भिंग लावून दिवसभर चिमट्याने काटे बसवणारे, माणसांशी फारसे न बोलणारे. त्या रविवारी आई बाकाच्या एका बाजूला, आजोबा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ती. मेजाशी बसायला लोक उठू लागले. आजोबांचा हात तिच्या मांडीवरून पलीकडे गेला. काहीतरी गार तिच्या गुडघ्याला लागले आणि आईच्या मुठीत नाहीसे झाले. आजोबांनी आपला बिल्ला मुलीला दिला होता. आई मात्र उठली नाही. आजोबाही उठले नाहीत. दोघे बसून राहिले, आणि त्यांच्यासमोरून बाबा पोळलेल्या माणसासारखा एक हात अंगाशी धरून, बाकीच्यांचे बिल्ले गोळा करत गेले. त्यानंतर आजोबांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले असणार. ते मंडळीत सगळ्यांत म्हातारे होते आणि बिल्ला हरवणे ही लाज होती. हरवला, एवढेच ते म्हणाले. खोटे बोलण्याची त्यांना मुळीच सवय नव्हती, त्यामुळे कोणाला पटले नाही.

तक्रार घेऊन ती गेली तो संग्रह देवळाच्या मागच्या खोलीत होता. पूर्वी तिथे गायनवृंद सराव करायचा, आता तिथे करड्या खोक्यांची रांग, दमट हवा शोषणारे एक गुरगुरणारे यंत्र आणि भिंतीवर बारा-बारा वडिलांचे फोटो. बाबा तिसऱ्या फोटोत, मधल्या ओळीत. मधलेच कुठेतरी. दाराजवळच्या काचपेटीत बिल्ले मांडले होते, आकड्यांच्या क्रमाने, मखमलीत खळगे करून. एक खळगा रिकामा होता. खाली पाटी होती: 'मंडळीच्या परस्पर प्रेमाची खूण.' ती पाटी तिने दोनदा वाचली. शुद्धलेखन बिनचूक होते, हेच तिला जास्त झोंबले. संग्रह सांभाळणारी मुलगी पांढरे सुती हातमोजे घालून फोटोंच्या कडा पुसत होती. ती या मंडळीतली नव्हती, कुठलीच नव्हती. अभिलेख सांभाळण्याची पदवी घेऊन नोकरीला लागली होती. हातमोजेवालीने तिला खुर्ची दिली, तक्रार ऐकून घेतली आणि गोंधळून विचारले, "पण मॅडम, वडील म्हणजे वडीलच ना?"

"बारा होते."

"काय?"

"वडील."

मुलीने भिंतीकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि तिच्या तोंडून हळूच 'अरे देवा' निघाले. चूक कबूल करायला तिने वेळ लावला नाही, त्यामुळे तिच्यावर चिडण्याचीही सोय उरली नाही. पण बदल तिच्या हातात नव्हता. मुलाखतीचे वर्णन बदलायचे तर मुलाखत देणाऱ्याची संमती हवी, ती व्यक्ती नसेल तर वारसाची. आणि संमतीपत्रावर सही थोरल्या मुलाची होती. शिवाय इतिहास समितीचे प्रमुखही तेच. म्हणजे दादा, तिचा थोरला भाऊ. दादा आता मंडळीचा वडील होता, हेही आलेच. "मी त्यांना आज विचारते," मुलगी म्हणाली. "आणि मॅडम, आवाजही साफ करायचा आहे अजून. मध्ये मध्ये कोणीतरी खोकतंय. ते काढलं की आजींचं बोलणं छान स्वच्छ ऐकू येईल."

ती मान डोलावून निघाली आणि बसथांब्यापर्यंत आली, तेव्हा तिच्या लक्षात आले, आईला खोकला नव्हता. तिथेच उभ्याउभ्या तिने इअरफोन काढून कानात घातले. बस आली, गेली. प्रश्न विचारणारी बाई म्हणत होती, कोणते वडील, आजी? आणि आईचे उत्तर यायच्या आधी, जरा लांबून, खिडकीजवळच्या खुर्चीतून यावा तसा, एक खोकला. सुका, एकदाच. मग आई: "वडील ते वडील." ती पुढे ऐकत गेली. जिथे जिथे गोष्ट त्या दाराजवळ, त्या बाकाजवळ यायची, तिथे तिथे तो खोकला होता. प्रार्थनेआधीचा. प्रश्नाआधीचा. म्हणजे मुलाखत चालू असताना बाबा खोलीत बसले होते. आई त्यांच्या देखत सांगत होती, परक्या बाईला, यंत्रात, आणि त्यांचे नाव न घेता त्यांच्याच पदवीने त्यांना मारत होती. आणि ते उठून गेले नव्हते, बोलले नव्हते, नुसते खोकले होते. जन्मभर तो खोकला ऐकून तिची पाठ ताठ व्हायची, कारण तो म्हणजे तंबी असे. थांब्यावर उभी राहून तो ऐकताना मात्र तिला खात्री वाटेना. आपण इतकी वर्षे ज्याला तंबी म्हणत आलो ती कदाचित म्हाताऱ्याची शरम असेल. किंवा नसेलही, नुसता घसा असेल. ही शंका तिला मुळीच आवडली नाही. माणसावर राग धरावा तर तो निखळ तरी असावा. पन्नास वर्षे जपलेल्या रागात आता कोणी पाणी घालावे, हे तिला नको होते. आई तरी काय साधी होती. तिने घर सोडले नाही, ताईला शोधले नाही. दर खेपेला दार उघडून 'आहे' म्हणत राहिली, आणि पुढे बिल्ल्यांची पद्धत बंद झाली तेव्हा, आता विचारणार कोण म्हणून, आजारी पडली. त्या घरातल्या लोकांना वैरावाचून करमत नसे. आपण तरी कुठे वेगळ्या आहोत, असे तिला वाटले, आणि त्याचाही राग आला.

दोन दिवसांनी दादाने तिला संग्रहाच्या खोलीतच बोलावले. घरी बोलावले असते तर वहिनीपुढे आवाज चढवता आला नसता. तो बँकेतून निवृत्त झाला होता आणि बोलताना अजून काउंटरच्या पलीकडे बसल्यासारखा बोटांनी मेजावर थाप मारायचा. हातमोजेवाली कोपऱ्यात आपल्या खोक्यांत डोके घालून, आपण इथे नाहीच असे दाखवत होती.

"अगं, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट," दादा म्हणाला. "आजोबांना आता काय फरक पडतो?"

"मग बाबांनाही पडत नाही."

"बाबांचं इथे नाव आहे."

"आजोबांचं नव्हतं म्हणून त्यांच्या नावावर काहीही खपवायचं?"

"तू उगाच शब्दाला शब्द वाढवतेस. आई बाबांना आयुष्यभर वडील म्हणायची. एवढा मान हल्ली कोण देतं नवऱ्याला? आणि तिच्याच तोंडून त्यांची नाचक्की करायची?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. तो खोटे बोलत नव्हता. खोटे बोलत असता तर तिने त्याला सोलून काढले असते, तिच्याकडे तयारी होती. पण त्या घरात अठरा वर्षे जेवून-खाऊन, रोज तो शब्द ऐकून, त्याला तो मान वाटला होता. बाबांच्या दफनाच्या वेळी त्याने भाषणातही तेच सांगितले होते आणि आई पहिल्या ओळीत बसून ऐकत होती, चेहऱ्यावरची रेषही न हलू देता. तिला एकदम थकल्यासारखे झाले. ज्याला आपण शत्रू समजत होतो तो बहिरा निघाला, आणि बहिऱ्याशी भांडणार कसे.

"बरं, तुझंही नको माझंही नको," दादा मवाळ होत म्हणाला. "'मंडळीच्या एका वडिलांनी', असं लिहू. झालं? आजोबाही सुटले."

कोपऱ्यातल्या मुलीने सुटकेचा श्वास सोडला. बहीण मात्र नकारार्थी मान हलवत राहिली. 'एका'. हा शब्द तिला चांगला माहीत होता. कोण ते ठाऊक असूनही सांगायचे नसते, तेव्हा लोक 'एक' लिहितात. बाराजणांत विभागून टाकले की पाप कोणाच्याच ताटात दिसत नाही. त्या दिवशी हात वर झाले तेही याच हिशेबाने. तिची नजर भिंतीवर गेली. तिथे संग्रहाचे नियम टांगले होते आणि ती सवयीने, चूक शोधत, ते केव्हापासून वाचत होती. चूक सातव्या नियमात होती, 'वस्तूचा' मधला 'स्तू' ऱ्हस्व. पण त्या चुकीसकट नियम असा होता की भेट आलेल्या वस्तूचा इतिहास दात्याच्या स्वतःच्या शब्दांत, काटछाट न करता, ध्वनिमुद्रित करून जोडला जाईल.

तिने पिशवीतून बटणांचा डबा काढला. आई गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा दादाने भिंतीवरचे घड्याळ घेतले आणि घरही घेतले. तिने हा डबा उचलला, आणि वहिनी म्हणाली होती, घ्या की, बटणंच तर आहेत. तिने डबा मेजावर उपडा केला. बटणे घरंगळली, आणि त्यांच्यात एकच काळसर चकती मेजावर फदकन बसली, कारण शिसे घरंगळत नाही. हातमोजेवाली उठून आली. वाकून आकडा वाचला, काचपेटीकडे पाहिले, पुन्हा आकडा वाचला.

"हा मिळाला कुठे?" ती कुजबुजली.

"हरवलाच नव्हता. हा मी संग्रहाला देते. सातव्या नियमाप्रमाणे."

दादाला समजायला वेळ लागला, पण समजले. त्याच्या बोटांची थाप थांबली. तो मुलीला म्हणाला, हे समितीपुढे ठेवावे लागेल. मुलगी खाली बघत म्हणाली, सर, वस्तूला समिती लागत नाही, तुम्हीच नियम केलाय. तेव्हा तो बहिणीकडे वळला. घसा साफ केला. "एवढं वैर आहे तुझं माझ्याशी?"

त्याने तो प्रश्न प्रश्न म्हणून विचारलाच नव्हता. माणूस रागात म्हणतो तसे तो म्हणाला होता. पण तिला तो दारावरच्या टकटकीसारखा ऐकू आला. आपल्याला कधीच कोणी हे विचारले नव्हते. ती मोठी होईपर्यंत बिल्ले बंद झाले होते. कागदाच्या चिठ्ठ्या आल्या, मग त्याही गेल्या, आता कोणी काही न विचारता मेजाशी बसवून घेत. नाही म्हणावे, आणि सगळे सोपे व्हावे, असे क्षणभर वाटले. तो म्हातारा झाला होता, त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण तुटले होते आणि समोर एवढी बटणे पसरली होती.

"आहे," ती म्हणाली.

मुलीने ध्वनिमुद्रणाचे यंत्र मेजावर ठेवले, लाल दिवा लागला, तारीख सांगितली आणि दात्याने बोलावे असे खुणावले. तिने आधी मनातल्या मनात वाक्य तपासून घेतले, शब्दन् शब्द. कुठेही दुसरा अर्थ निघता कामा नये. मग ती सावकाश, मुद्रिते मोठ्याने वाचून दाखवावीत तशी बोलली. "हा बिल्ला माझ्या आईच्या बापाचा. तो त्यांनी प्रभुभोजनाच्या दिवशी माझ्या आईला दिला आणि स्वतः बिनबिल्ल्याचे बसून राहिले, कारण तिला तिचा बिल्ला मिळाला नव्हता. तो तिला तिच्या नवऱ्याने दिला नाही." नवरा हा शब्द त्या खोलीत, त्या फोटोंखाली, नागडा झाल्यासारखा वाटला. "त्याने तिला विचारलं होतं, तुमचं कोणाशी वैर आहे का, आणि ती खरं बोलली. तिची थोरली मुलगी ज्या बारा हातांनी बाहेर काढली, त्यातला एक हात तिच्या नवऱ्याचा होता. म्हणजे माझ्या बापाचा. आणि—"

दादा खोकला. सुका, एकदाच. तिने वळून पाहिले नाही, पण तिची पाठ ताठ झाली, आणि आपण नऊ वर्षांच्या आहोत आणि दाराआड उभ्या आहोत असे वाटून वाक्याचा उरलेला भाग हातचा निसटला. मुलीने ओशाळून ध्वनिमुद्रण थांबवले.

"मध्ये खोकला आला, मॅडम," ती म्हणाली. "तेवढा नंतर काढून टाकते."

"राहू दे," ती म्हणाली. "तो आमच्या घरातला आहे."